धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) बेडवर हिरवी बुरशी परत परत येतेय? आधी ती कुठे आणि कितव्या दिवशी दिसली ते सांगा

पहिली बॅच एकदम झक्कास निघते, फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवून होतात. दुसऱ्या बॅचला चार-पाच बेडवर, म्हणजे काड आणि बी भरलेल्या पिशव्यांवर, हिरवे डाग. तिसऱ्याला निम्मे बेड हिरवे, आणि नेमकं तोवर आपण दोन-तीन गिऱ्हाईकांना दर आठवड्याला माल द्यायचा शब्द देऊन बसलेले असतो. मग माणूस काय करतो, काड जास्त वेळ उकळतो, बुरशीनाशक मारतो, स्पॉनवाला (दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बी देणारा) बदलतो, खोली धुऊन काढतो, आणि हे सगळं एकाच आठवड्यात. त्यातून एखादी बॅच बरी निघते, पुढच्या बॅचला परत तेच. आणि मधली ती बरी कशामुळे निघाली तेही सांगता येत नाही, कारण सगळंच एकदम बदललेलं.

माझं हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं बेड फेकून फेकून कळलेलं आहे. फक्त धिंगरीबद्दल म्हणजे ऑयस्टरबद्दल लिहितोय. बटनचं कंपोस्ट आणि केसिंगचं (वरून द्यायच्या थराचं) गणित वेगळं असतं आणि दुधी अळिंबी मी केलेली नाही, त्यामुळे तिकडे माझं ऐकू नका.

ही हिरवी म्हणजे बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा. हो, तोच ट्रायकोडर्मा जो आपण मर रोगासाठी पैसे देऊन आणतो आणि शेणखतात मिसळतो. तिथे तो मित्र, कारण जमिनीतल्या दुसऱ्या रोगकारक बुरशांना तो खातो, त्यांची जागा बळकावतो. आता अळिंबी पण बुरशीच ना, त्याला काय माहीत ही आपली आणि ती परकी. सुरुवातीला तो पांढराच असतो, अगदी धिंगरीच्या तंतूंच्या जाळ्यासारखा, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं वा काय फास्ट पसरतंय. मग दोन-तीन दिवसांनी मधोमध फिकट हिरवं होतं आणि नंतर गडद हिरवी भुकटी. हिरवं दिसलं म्हणजे त्याचे बीजाणू तयार झाले, म्हणजे तो येऊन बरेच दिवस झाले, आपल्याला फक्त आत्ता कळलं. आणि ती भुकटी हाताने पुसली, फुंकर मारली, बेड आपटला की अख्ख्या खोलीत.

हे फक्त आपल्यासारख्या छोट्या लोकांनाच होतं असंही नाही. १९८५ च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधल्या बटन मशरूमच्या फार्मवर हिरव्या बुरशीची मोठी साथ आली, पुढे ब्रिटनमध्ये, आणि १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडात पण. त्या ट्रायकोडर्माला नंतर २००२ मध्ये वेगळं नाव दिलं, अ‍ॅग्रेसिव्हम. नावावरूनच कळतं किती छळलं असेल. धिंगरीवर येणाऱ्या त्याच्या जाती अजून वेगळ्या. म्हणजे मोठमोठे यंत्रवाले, एसीवाले फार्म असले तरी हा सुटत नाही, तेव्हा आपल्या शेडमधून तो कायमचा हाकलून देऊ हा विचार सोडून द्या. त्याला संधी कुठे मिळतेय तेवढं शोधायचं.

काड जास्त उकळल्याने कमी का होत नाही

पहिली चूक इथे, आणि मी ती सलग चार बॅच केली. हिरवं दिसलं की वाटतं काड कच्चं राहिलं, मग एक तासाच्या जागी तीन तास, रटरट उकळतं पाणी. मजा म्हणजे त्याने माझं वाढलं. कारण काड आपण पूर्ण निर्जंतुक करतच नाही, आपण पाश्चरायझेशन करतो. ६५ ते ८० अंशांच्या पाण्यात किंवा वाफेत ठेवलं की बुरशांचे बीजाणू बहुतेक मरतात पण उष्णता सहन करणारे काही जिवाणू जगतात, आणि ते काडावर बसून राहिल्यामुळे नंतर हवेतून आलेल्या बुरशीला सहज जागा मिळत नाही, धिंगरीला मात्र त्यांचा फारसा त्रास नसतो. तुम्ही काड मरेस्तोवर शिजवलं की ते पहारेकरी पण गेले आणि काड मऊ पडून त्यातली पिष्ट-साखर वर आली. म्हणजे मोकळं घर आणि वर जेवण तयार. मग स्पॉन भरताना उघड्यावर जे काही पडेल ते धिंगरीच्या आधी पळत सुटतं.

प्रेशरमध्ये १२१ अंशाला पूर्ण निर्जंतुक करायचं असेल तर करा, पण मग स्पॉन भरणं पण तशाच स्वच्छ बंद जागेत पाहिजे. एक पाय इकडे एक तिकडे असं चालत नाही.

खरी गडबड तापमान किती यापेक्षा ते सगळीकडे पोचलं का यात असते. ड्रममध्ये गच्च दाबून भरलेल्या पोत्याच्या बाहेरच्या बाजूला ८० अंश आणि मधोमध ५० असं आरामात होतं. मी लांब दांड्याचं थर्मामीटर आणून पोत्याच्या पोटात खुपसलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ज्याला मी एक तास म्हणत होतो त्यातली निम्मी वेळ आतलं काड नुसतं कोमटच होतं. मोजायची वेळ आतलं काड तापल्यापासून सुरू करायची, चूल पेटवल्यापासून नाही. तेवढं केलं आणि पोती जरा सैल भरली तरी खूप फरक पडतो. आणि काड आधी थंड पाण्यात १२-१५ तास भिजलेलं पाहिजे, कोरड्या काडात उष्णता नीट शिरत नाही.

आता मुख्य गोष्ट, डाग वाचायचा कसा

बेड फेकण्याआधी दोन मिनिटं त्याच्याकडे बघा. स्पॉन भरल्यापासून आज कितवा दिवस, आणि डाग बेडच्या कुठल्या भागात. या दोन गोष्टींवरून निम्म्याहून जास्त वेळा कारण हाती लागतं, आणि नेमकं हेच कोणी लिहून ठेवत नाही.

तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशीच, आणि स्पॉनच्या दाण्यांभोवतीच गोल गोल हिरवं धरायला लागलं तर स्पॉनवर संशय घ्या. सगळ्या बेडमध्ये सारखंच असेल आणि सगळे एकाच लॉटच्या पिशव्यांमधले असतील तर जवळजवळ नक्कीच. पण स्पॉनवाल्याला फोन लावायच्या आधी स्वतःला विचारा की पिशवी आणल्यावर किती दिवस कुठे ठेवली होती. मी एकदा गाडीच्या डिकीत अख्खी दुपार विसरलो होतो आणि वर त्यालाच चार शब्द ऐकवले. चांगला स्पॉन पांढराशुभ्र असतो, दाणे जाळ्याने एकमेकांना धरलेले, वास ताज्या अळिंबीसारखा. आंबट वास, तळाला पिवळं पाणी साठलेलं, दाणे चिकट, कुठेतरी हिरवा-काळा ठिपका, यातलं काही दिसलं तर ती पिशवी उघडूच नका. "तेवढा भाग काढून बाकीचा वापरू" हा विचार महाग पडतो. ठेवायचाच झाला तर फ्रीजमध्ये ४-५ अंशाला, तोही थोडे दिवसच, आणि भरायच्या आधी काही तास बाहेर काढून.

बेडच्या आत कुठेही विस्कळीत ठिपके, एका बेडला वर, एकाला मधे, आणि एका ड्रममधले बेड जास्त खराब आणि दुसऱ्यातले बरे, तर काड नीट तापलेलं नाही किंवा तापल्यानंतर थंड करताना घाण झालं. ही दुसरी शक्यता लोक विसरतात. काड तापवायला दोन तास घातले आणि मग जमिनीवर, काल ज्यावर कच्चा भुसा पसरला होता त्याच ताडपत्रीवर, पंखा लावून थंड केलं. पंखा! आख्ख्या शेडची धूळ त्या गरम ओल्या काडावर. कच्चं काड कापायची जागा आणि तयार काड भरायची जागा वेगळी पाहिजे, आणि कच्चं काड कापल्याचे कपडे घालून स्पॉन भरायला बसायचं नाही.

तळाला हिरवं, कोपऱ्यात पाणी, आंबट कुबट वास. इथे बुरशी दुय्यम आहे, काड ओलं आहे. जास्त पाण्याने हवा खेळत नाही, धिंगरीचं जाळं तिथे जात नाही, आणि मोकळी राहिलेली जागा कोणीतरी घेतंच. मुठीत काड घट्ट पिळा, तळवा ओलसर झाला पाहिजे, फार तर एखादा थेंब, धार लागली तर अजून निथळू द्या. पाण्याचं प्रमाण ६५ ते ७० टक्के धरतात म्हणजे साधारण १ किलो सुक्या काडाचा ३ किलोच्या आसपास ओला बेड. मी आता अंदाजावर न जाता काही बेड वजन करून बघतो, सुकं किती घातलं होतं ते माहीत असलं की सरळ कळतं. पावसाळी हवेत निथळायला दुप्पट वेळ लागतो, रोजच्या घड्याळाने चालत नाही.

भोकांपाशी किंवा तोंडाच्या गाठीपाशी हिरवं, साधारण आठव्या-दहाव्या दिवसानंतर. तर ते बाहेरून आलंय. एकतर माश्या-चिलटं, ती अंगावर बीजाणू आणि बारीक कोळी (माइट) घेऊन एका बेडवरून दुसऱ्यावर जातात, किंवा भोकं पाडायची सुई न पुसता सगळ्या बेडमधून फिरवलेली, किंवा उबवणीच्या (जाळं पसरेपर्यंत बेड ठेवायच्या) खोलीत कोणीतरी प्रेमाने पाणी मारतंय. उबवणीत बेडला पाणी लागत नाही. अंधार, २० ते २८ अंश, आणि शांतता. खिडक्यांना बारीक जाळी आणि पिवळे चिकट सापळे लावा, सापळ्यावर रोज किती चिलटं सापडतात ते बघितलं तरी पुढच्या आठवड्याचा अंदाज येतो.

आणि एक प्रकार ज्याने मला सगळ्यात जास्त फसवलं. बेड दहा-बारा दिवस मस्त पांढरे, आणि मग मधल्या रांगेतले, एकमेकांना चिकटून ठेवलेले, तेवढेच हिरवे, कडेचे ठणठणीत. कारण उष्णता. जाळं वाढताना बेड आतून स्वतः तापतो, खोलीपेक्षा काही अंश जास्त असतो, आणि खोलीत २८ असेल आणि बेड एकमेकांवर रचलेले असतील तर आत ३३-३५ सहज होतं. त्या तापमानाला धिंगरीची वाढ अडखळते आणि ट्रायकोडर्मा मात्र मजेत असतो. दोन बेडच्या मधे थर्मामीटर खुपसून बघा, भिंतीवरचं घड्याळवालं थर्मामीटर काही कामाचं नाही. बेडमध्ये वीतभर अंतर सोडलं, एकावर एक रचणं बंद केलं, तेवढ्याने माझा हा प्रकार थांबला.

पहिल्या तोड्यानंतर देठाच्या उरलेल्या बुंध्यांवर हिरवं येतं ते मात्र फार मनाला लावून घेऊ नका. पण बुंधे खरवडून काढा, सडकं काही ठेवू नका, आणि पाणी थेट बेडवर बदाबदा न मारता हवेत धुकं होईल असं मारा, जमीन आणि बारदान ओलं ठेवा.

हे सगळं वाचूनही कळत नसेल तर

बिनस्पॉनचा बेड करा. पुढच्या बॅचला तयार काडाचे दोन-तीन बेड स्पॉन न घालताच भरून त्याच खोलीत ठेवा. उशिरा काही ना काही त्यावर येणारच, पण पहिल्या चार-पाच दिवसांतच हिरवं फुटलं तर काडातच घोळ आहे, तापवताना नाहीतर थंड करताना. ते स्वच्छ राहिले आणि स्पॉनवाले हिरवे झाले तर स्पॉन नाहीतर भरताना हात. सोबतच थोडा स्पॉन, मूठभर, उकळून थंड केलेल्या ओल्या टिश्यूवर स्वच्छ बरणीत ठेवा, आठ दिवसात तोच बोलतो. याला खर्च काहीच नाही, आणि प्रत्येक बेडवर मार्करने तारीख, स्पॉनचा लॉट, ड्रम नंबर लिहायला तर अजिबातच नाही. आणि एका बॅचला एकच गोष्ट बदला. हे पाळणं सगळ्यात अवघड, कारण माणूस घाबरलेला असतो, पण सगळं एकदम बदललं की वर्ष जातं, माझं गेलं.

माझ्याकडे शेवटी काय निघालं

बिनस्पॉनचे बेड स्वच्छ राहिले. टिश्यूवरचा स्पॉन पांढराशुभ्र. काड बरोबर, स्पॉन बरोबर, मग राहिलं काय, खोली आणि मी. बेडवरच्या तारखा मांडून बसलो तर दिसलं की ज्या आठवड्यात ऑर्डर मोठी होती त्याच्या नंतरच्या दोन बॅच दरवेळी खराब.

झालं असं होतं की एका हॉटेलची ठरलेली ऑर्डर होती आणि माल कमी पडला की मी जुने बेड काढायचोच नाही. दोन तोडे झालेले, मऊ पडलेले, कोपऱ्यात हिरवे झालेले बेड, पण अजून पाव-अर्धा किलो निघेल या आशेने तसेच टांगलेले. सकाळी त्यांची तोडणी करायची, आणि त्याच हाताने, त्याच कपड्यांनी नवीन बेड भरायला बसायचं. शिवाय जागा नाही म्हणून नवीन बेड उबवायला त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला. मधे एक पातळ पडदा. म्हणजे तिसऱ्या तोड्याच्या थोडक्या मालासाठी मी दर वेळी पुढच्या बॅचमध्ये हिरवं पेरत होतो, रोज, न चुकता.

त्यात भर धाकट्या भावाची. शेडच्या मागेच, वाऱ्याच्या बाजूला, त्याचा कंपोस्टचा ढीग, आणि त्यात तो दर महिन्याला ट्रायकोडर्माची पाकिटं मिसळायचा. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, तूच नाही का फेकलेले बेड त्यात टाकायला सांगितलेस, ते लवकर कुजावेत म्हणून टाकतोय." काय बोलणार. पाकीटातला आणि बेडवरचा एकच होता की नाही हे सांगायला लॅब पाहिजे, पण ढीग मी लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला हलवला. त्या नादात फेकलेले हिरवे बेड शेडच्या पाठीमागेच साठवतोय हेही लक्षात आलं.

आता जे करतो ते असं. दिवसाचं काम आधी नवीन बेडकडून सुरू आणि जुन्याकडे संपतं, उलटं कधीच नाही. भरायचं काम असेल त्या दिवशी आंघोळ करून धुतलेले कपडे घालून थेट भरायलाच, तोडणी दुपारनंतर. दोन तोडे झाले की बेड बाहेर, कितीही मोह झाला तरी. उबवणीची खोली वेगळी केली, नुसता पडदा नाही, दार. एक खोली पूर्ण रिकामी करून धुऊन, चुना मारून, दोन-तीन दिवस कोरडी ठेवायची आणि मगच परत भरायची, हे आलटून पालटून. पहिली बॅच सगळ्यांची चांगली का येते याचं उत्तर मला तरी इथेच सापडलं, तेव्हा खोली नवी आणि रिकामी असते.

हिरवं दिसलेल्या बेडचं काय करायचं तर, नाण्याएवढा एकच डाग असेल आणि बाकी बेड पांढरा झालेला असेल तर मी तो बेड वेगळ्या जागी नेतो आणि डागावर चुन्याची घट्ट पेस्ट लावतो, डागाच्या जरा बाहेरपर्यंत. ट्रायकोडर्माला आम्ल वातावरण आवडतं, चुन्याने तिथलं अल्कली होतं. कापून काढायला गेलात तर भुकटी उडते, त्यापेक्षा झाकणं बरं. पाव बेड हिरवा असेल तर प्रश्नच नाही, शेडमध्ये न उघडता मोठ्या पिशवीत घालून, तोंड बांधून, लांब नेऊन पुरायचा. काड भिजवताना पाण्यात चुना घालणारे पण बरेच आहेत आणि त्याने फायदा होतो.

औषधाबद्दल

फॉर्मॅलिन (फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण) आणि कार्बेन्डॅझिम या बुरशीनाशकाची पद्धत बहुतेकांना माहीत आहे, १०० लिटर पाण्याला १२५ मिली फॉर्मॅलिन आणि साडेसात ग्रॅम कार्बेन्डॅझिम, काड १६-१८ तास बुडवून झाकून ठेवायचं. बरीच वर्षं चालत आलेली पद्धत आहे, चालते, गॅस वाचतो. मी सोडली. फॉर्मॅल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलंय, आणि बंद शेडमध्ये ड्रमवर वाकून ते काड उपसणारे आपण आणि घरातलीच माणसं असतो, डोळ्यातून पाणी येतं तेव्हाच कळतं हे अंगाला चांगलं नाही. दुसरं, कार्बेन्डॅझिमला दाद न देणारे ट्रायकोडर्मा असतात, तेच तेच वापरून आपण तेच मागे ठेवतो. आणि तिसरं धंद्याचं, ज्या गिऱ्हाईकाला आपण "औषध न मारलेली ताजी अळिंबी" म्हणून विकतो त्याने एक दिवस सहज विचारलं की काड कशात भिजवता, तर तोंड कुठे लपवणार. वापरायचंच असेल तर उघड्यावर, हातमोजे-मास्क घालून, आणि माप बरोबर मोजून. डबल डोस केल्याने डबल फायदा होत नाही, उलट धिंगरीचं जाळंच वाढायचं थांबतं. तयार होणाऱ्या अळिंबीवर काहीही फवारू नका, ती पाण्याने भरलेली असते आणि दोन दिवसात कोणाच्या तरी ताटात जाते.

ऑर्डर आणि बुरशी यांचा संबंध

मी अजून एकदा इथे येतो कारण मला वाटतं बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम खोलीत कमी आणि वहीत जास्त आहे. आपण बेड लावतो एकदम शंभर, माल येतो एकदम चार दिवसांत, मग विकायला पळापळ, मग पंधरा दिवस काहीच नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, मग जुने बेड पिळून काढायचे आणि घाईघाईत गरम काडात स्पॉन भरायचा. गरम काडात स्पॉन भरणं हे पण माझ्या हातून झालंय, वरून थंड लागतं, पोटात चाळीसच्या वर असतं, स्पॉन तिथेच भाजतो आणि मेलेल्या दाण्यांवर हिरवं पहिलं येतं.

म्हणून हिशोब उलटा करा, मागणीपासून. १ किलो सुक्या काडाच्या बेडमधून पहिल्या दोन तोड्यांत साधारण अर्धा किलो धरा, जास्त निघाला तर आनंद. आठवड्याला १० किलो माल द्यायचा असेल तर दर आठवड्याला २० बेड लागतात, दोन-तीन खराब होणार म्हणून २२-२३. एक बेड उबवणीपासून दोन तोडे होईपर्यंत पाच-सहा आठवडे जागा अडवतो, म्हणजे कुठल्याही वेळी शेडमध्ये साधारण एकशेदहा ते एकशेचाळीस बेड. तुमच्याकडे जागा ऐंशी बेडची असेल तर ऑर्डर १० किलोची घेऊच नका, सहा किलोची घ्या आणि ती प्रत्येक आठवड्याला द्या. हॉटेलवाला असो नाहीतर भाजीवाला, त्याला एकदा वीस किलो मिळण्यापेक्षा दर मंगळवारी सहा किलो मिळणं जास्त आवडतं, निदान माझा अनुभव तरी तसाच आहे. शिवाय दर आठवड्याला थोडे थोडे बेड लावले तर काही बिघडलं तरी वीस बेड जातात, शंभर नाही, आणि चूक पुढच्याच आठवड्याला दुरुस्त करता येते.

जास्तीचा माल आला तर कमी भावात ढकलायच्या आधी वाळवून बघा. ताज्याचं साधारण दहाला एक होतं, कारण नव्वद टक्के पाणीच. ४५ ते ५५ अंशाला, कडक होऊन मोडेपर्यंत, आणि थंड झाल्यावर हवाबंद. वाळलेल्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि ते आधी शोधून ठेवावं लागतं, नाहीतर डबे भरून घरातच राहतात.

ताजा माल पिवळा पडून चिकट होतो ही तक्रार पण बऱ्याचदा येते, आणि लोक त्याला पण बुरशीच समजतात. तोडणीच्या आधी पाणी मारलं की छत्र्या ओल्या राहतात, पाकिटात घाम धरतो, जिवाणू वाढतात. तोडायच्या आधी काही तास पाणी बंद, कडा वर वळायच्या आत तोडायचं, पाकिटाला बारीक भोकं, आणि तोडल्या तोडल्या थंडीत. फ्रीजच्या तापमानाला चार-पाच दिवस नीट टिकते, बाहेर उन्हाळ्यात एक दिवस पण धड नाही. छत्र्या जास्त मोठ्या होऊ दिल्या तर बीजाणूंची पांढरी पावडर पडते, वजन वाढलं असं वाटतं पण माल चिवट होतो आणि बंद खोलीत ती रोज छातीत गेली तर खोकला-दम्यासारखा त्रास होतो. मास्क घाला, मीही उशिराच घालायला लागलो.

आता एवढं करूनही माझ्याकडे हिरवं अजिबात येत नाही असं नाही. कडक उन्हाळ्यात दर वीस बेडला एक-दोन जातातच आणि ते मी हिशोबात धरूनच चालतो. त्याहून जास्त गेले की आधी दोन बेडच्या मधलं तापमान, मग सापळ्यावरची चिलटं, मग त्या आठवड्यात आपण काय घाई केली ते बघतो, याच क्रमाने. आणि कोणाला विचारायचं झालं तर नुसता हिरव्या डागाचा फोटो पाठवून "सर उपाय सांगा" म्हणू नका, कोणालाच सांगता येणार नाही. स्पॉन भरल्यापासून कितवा दिवस, डाग बेडच्या कुठल्या बाजूला, किती बेडपैकी किती, ते एकाच ड्रमचे का एकाच लॉटचे, आणि त्याच खोलीत सध्या सगळ्यात जुना बेड किती दिवसांचा टांगलेला आहे, एवढं लिहून पाठवा. शेवटचं लिहिताना बरेच जण मधेच थांबतात आणि मग फोटो पाठवायचाच राहतो.